नोकरीसाठी नवं शहर: घर ऑफिसजवळ घ्यावं की लांब?

उंबरठा
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईत हवाय. पुढच्या महिन्यात नव्या शहरात रुजू व्हायचंय. मी, नवरा आणि तिसरीत जाणारी लेक. ऑफिस शहराच्या पश्चिम टोकाला, आठवड्यातून चार दिवस जावं लागणार, पाचवा दिवस घरून. नवऱ्याचं काम तीन दिवस घरून, दोन दिवस शहराच्या मधोमध. शहर दोघांनाही अनोळखी.

तीन घरं हेरून ठेवलीत. फोटोतच, प्रत्यक्ष अजून एकही पाहिलेलं नाही.

अ: ऑफिसपासून चालत बारा मिनिटं. दोनच खोल्या. आजूबाजूला नुसती ऑफिसं, संध्याकाळी सातनंतर चिटपाखरू नसतं म्हणे.

ब: १४ किलोमीटर. मेट्रोने जायचं, मध्ये एकदा गाडी बदलायची. नकाशा ५० मिनिटं सांगतो. वस्ती जुनी, शाळा जवळ.

क: २६ किलोमीटर, शहराबाहेर पश्चिमेला, हायवेला लागून. अ च्या निम्म्या भाड्यात दुप्पट घर, एक जादा खोली, बाल्कनीतून डोंगर. गाडीने जायचं. नकाशा ३५ मिनिटं दाखवतो.

मन क कडे ओढतंय, खोटं कशाला बोलू. ३५ मिनिटं म्हणजे ब पेक्षाही कमी. मग लोक ब मध्ये राहतात तरी का?

सिग्नलवाला
नकाशा किती वाजता बघितलात?

उंबरठा
काल रात्री, लेक झोपल्यावर. साडेदहा-अकरा असतील.

सिग्नलवाला
तरीच. रात्री अकराचा रस्ता आणि सकाळी नऊचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात, नाव तेवढं एक.

माझं पोट याच धंद्यावर चालतं म्हणून थोडं सविस्तर. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सने १९६४ मध्ये एक सूत्र दिलं, आम्ही लोक ते अजून वापरतो. रस्त्यावरच्या गाड्या भागिले रस्त्याची क्षमता, त्याचा चौथा घात, गुणिले ०.१५. मोकळ्या रस्त्याला लागणाऱ्या वेळात तेवढ्या पटीची भर पडते. सगळी गंमत त्या चौथ्या घातात आहे. क्षमतेच्या निम्म्या गाड्या असतील तर वेळ जेमतेम एक टक्का वाढतो, तुम्हाला कळतही नाही. रस्ता पुरता भरला की १५ टक्के. क्षमतेच्या दीडपट गाड्या यायला बघत असतील तर ७६ टक्के. तुमची ३५ मिनिटं तिथे ६२ होतात. आणि हे सूत्र मवाळ आहे. एक ट्रक आडवा झाला की सूत्र गुंडाळून ठेवायचं.

नकाशात "अमुक वाजता पोचायचंय" असं टाकता येतं. मंगळवार, सकाळी साडेनऊ टाका. मग संध्याकाळी सव्वासहाला निघून परतीचंही बघा. येईल तो आकडा एक नसेल, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा असेल. त्यातला मोठा आकडा वहीत लिहा, छोटा विसरून जा.

उंबरठा
टाकलं. "५० मिनिटं ते १ तास ३५ मिनिटं." परतीचंही साधारण तसंच. बाल्कनीतला डोंगर जरा धूसर झाला.

घरकोंबडा
यात विचार करण्यासारखं काय आहे कळत नाही. अ घ्या.

हिशेब मांडतो. वर्षाला ४५ आठवडे, चार दिवस, म्हणजे १८० फेऱ्या. ब ला जाऊन-येऊन १०० मिनिटं धरा: ३०० तास. आठ तासांच्या पाळीने साडेसदतीस दिवस. क ला एका बाजूचे सरासरी ७० मिनिटं धरली तर ४२० तास, म्हणजे साडेबावन्न दिवस. वर्षातले साडेबावन्न कामाचे दिवस तुम्ही पुढच्या गाडीचे दिवे बघत बसणार, आणि त्याचा पगार कोणी देणार नाही. अ मध्ये ७२ तास, तेही चालण्यात, म्हणजे व्यायाम फुकट.

वाचलेल्या भाड्याला त्या तासांनी भागा. तासाला काय सुटतं ते बघा आणि तुमच्या पगाराच्या तासाच्या दराशी ताडा. पेट्रोल, पार्किंग, गाडीची झीज आधी वजा करा, नाहीतर क उगाच स्वस्त दिसेल.

मुरलेला भाडेकरू
घरकोंबडेराव, तुम्ही ऑफिसलाच जात नाही, तुम्हाला सगळंच सोपं. (हलके घ्या.)

आठ घरं बदललेला माणूस बोलतोय. ऑफिससमोर राहायची चूक मीही केली आहे. खिडकीतून ऑफिसचा चौथा मजला दिसायचा. त्यांनाही माझी खिडकी दिसायची. "दिवा दिसला म्हणून फोन केला, दहा मिनिटं येऊन जा ना." शनिवारी, रात्री, तापात सुद्धा. लांब राहणाऱ्याला कोणी बोलवत नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे आठव्या महिन्यात कंपनीने ऑफिसच हलवलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला! भाडेकरार वर्षाचा, त्यात मुदतीआधी सोडलं तर डिपॉझिट बुडीत. चार महिने मी रिकाम्या इमारतीसमोर राहून रोज दीड तास प्रवास केला.

ऑफिसजवळ घर घ्यायचं असेल तर ते ऑफिस जिथून कुठेही जाता येतं अशा जागी आहे का ते बघा. एका टोकाला असेल तर पुढची नोकरी, नवऱ्याची नोकरी, सगळं तिथून लांब.

घरकोंबडा
एका वाईट साहेबावरून धोरण ठरवायचं का? फोन बंद ठेवायचा.

मुरलेला भाडेकरू
प्रोबेशनवर असताना ठेवून बघा बरं बंद.

तळटीप
दोघांच्या मध्ये पडतो, कारण यावर चांगलं काम झालेलं आहे.

१) रेडमंड आणि मोख्तारियन या संशोधकांनी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नोकरदारांना "तुम्हाला किती मिनिटांचा प्रवास आदर्श वाटतो" असं विचारलं होतं. सरासरी उत्तर शून्य नव्हतं, १६ मिनिटं होतं. माणसाला घर आणि काम यांच्यामध्ये थोडी फट हवी असते.

२) येरवी माणूस दिवसाला साधारण तासभर प्रवासाला देतो, जाऊन-येऊन मिळून. याकोव्ह झहावी या वाहतुकीच्या अभ्यासकाने हे १९७० च्या दशकात मांडलं आणि चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये पुढे नेलं. पायी चालण्याच्या काळातली गावं लहान होती, गाड्या आल्या तशी शहरं पसरली, पण तो तासभर काही फार हलला नाही. वेग वाढला की आपण वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो.

३) स्टुट्झर आणि फ्राय या अर्थशास्त्रज्ञांचं काम, २००८. अर्थशास्त्राचा हिशेब असा की लांबून येणाऱ्याला स्वस्त घर नाहीतर जास्त पगार मिळून भरपाई होते, म्हणजे समाधान सगळ्यांचं सारखं असायला हवं. जर्मनीतल्या घरांच्या पाहणीत तसं निघालं नाही. जितका प्रवास लांब तितकं समाधान कमी. मोठं घर ती खोट भरून काढत नव्हतं.

बोलघेवडा
तळटीपराव आले म्हणजे आता वही काढा सगळे.

तळटीप
काढाच, कारण तिसऱ्या मुद्द्याला उलट पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या तशाच पाहणीवर २०१४ मध्ये काम झालं, त्यात लांबचा प्रवास आणि कमी समाधान असा सरसकट संबंध फारसा दिसला नाही. त्याआधी २०११ मध्ये त्याच ब्रिटिश आकड्यांवर रॉबर्ट्स, हॉजसन आणि डोलन यांनी केलेलं काम उंबरठाताईंनी जरूर लक्षात घ्यावं. प्रवासाचा मानसिक त्रास बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये नाही. कामाचे तास आणि पगार यांनी ते उलगडत नव्हतं. लेखकांचा अंदाज असा की घरचं, मुलांचं ओझं बायकांवर जास्त असतं, म्हणून तेवढ्याच मिनिटांचा काच त्यांना जास्त बसतो.

दोन वेण्या
हे सांगायला संशोधक कशाला लागतात, माझ्याकडे यायचं होतं.

उंबरठा, मला एकच विचारायचंय. सकाळी साडेअकराला शाळेतून फोन येतो, "तुमच्या मुलीला उलटी झाली, घेऊन जा." कोण निघणार आणि किती वेळात पोचणार? हे तिन्ही घरांसाठी लिहून काढ. आम्ही घर घेताना बाकी सगळं बघितलं, मैदान, पाणी, लिफ्ट, हवा. हे नाही बघितलं. माझी मुलगी एकदा शाळेच्या ऑफिसमधल्या बाकावर पावणेदोन तास बसून होती, दप्तर मांडीवर घेऊन. मी पोचले तेव्हा रडत सुद्धा नव्हती, आणि तेच मला लागलं.

क मध्ये जादा खोली आहे म्हणतेस. पाहुणे वर्षातून किती रात्री येतात?

उंबरठा
मोजून दहा. बारा फार झाल्या.

शाळेचं लिहून काढते आज रात्री. डोक्यातच आलं नव्हतं गं.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलात आहे, पाळ्या फिरत्या. मला सरासरीशी काही देणंघेणं नाही. महिन्यातून दोनदा उशीर झाला तर दोनदा माझ्या आधीची सिस्टर पाय सुजवून थांबते. म्हणून मी वाईटातला वाईट दिवस धरते. वीस दिवसांतले एकोणीस दिवस ज्या वेळात पोचते तो माझा प्रवासाचा वेळ. आत्ताच्या घरापासून सरासरी ३५ मिनिटं, पण मी निघते ५० मिनिटं आधी. आधीचं घर २५ मिनिटांवर होतं, मध्ये रेल्वेचं फाटक. फाटक लागलं तर ५५. म्हणजे ते घर जवळ असून लांब होतं.

आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते बघा. ब चं घर संध्याकाळी सहाला ५० मिनिटांवर असेल, मीटिंग लांबली आणि बदलायची गाडी चुकली की किती?

खिडकीजवळची
ब वाल्यांची बाजू मांडते, कारण रोज अशीच जाते.

मेट्रोत उभं राहून ५० मिनिटं आणि बसून ५० मिनिटं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसायला मिळालं तर तो माझा वेळ. डोळे मिटते, वाचते, विणते (दोन स्वेटर झाले). उभं राहिलं तर तोच वेळ कोणाच्या तरी कोपरात नाक खुपसून जातो. म्हणून स्टेशन किती लांब यापेक्षा ते मार्गावर कितवं हे बघा. गाडी जिथून सुटते तिथून दुसरं-तिसरं असेल तर जागा मिळते. मधलं असेल तर कितीही जवळ राहा, दार उघडतं आणि आतली माणसं तुमच्याकडे "आता कुठे येताय" अशा नजरेने बघतात. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चार स्टेशनं ऑफिसजवळ राहते आणि माझ्यापेक्षा दमलेली पोचते.

गाडी चालवताना मात्र यातलं काही करता येत नाही, हात-डोळे दोन्ही अडकलेले.

सिग्नलवाला
खिडकीजवळची म्हणतात ते पटलं. त्यात गाडी बदलण्याची भर घालतो. "दर दहा मिनिटांनी गाडी" म्हटलं की आपण सरासरी पाच मिनिटं थांबू असं गृहीत धरतो. गाड्या घड्याळासारख्या आल्या तर बरोबर. पण वेळापत्रक विस्कटलं, एक चार मिनिटांनी आली आणि पुढची सोळा मिनिटांनी, की बहुतेक लोक त्या सोळा मिनिटांच्या भोकात सापडतात, कारण भोक मोठं आहे. गाड्या अगदी कशाही यायला लागल्या तर सरासरी दहाचीच राहते आणि तुमचं थांबणंही सरासरी दहा मिनिटं होतं. "मी आलो की गाडी नुकतीच गेलेली असते" हा नशिबाचा नाही, गणिताचा भाग आहे.

गाडी एकदा बदलायची म्हणजे हा जुगार दोनदा.

चाकांवर
कोणी बोललं नाही म्हणून. क पश्चिमेला आहे आणि ऑफिस त्याच्या पूर्वेला. सकाळी पूर्वेकडे गाडी चालवणार, उगवता सूर्य डोळ्यांत. संध्याकाळी पश्चिमेकडे, मावळता सूर्य डोळ्यांत. रोज दोन्ही वेळा. घर ऑफिसच्या पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. मी सायकलवाला, पाच वर्षं डोळे बारीक करून काढली आहेत.

उंबरठा
हे इतकं साधं आहे आणि मला सुचलं नसतं. पण क चा एजंट म्हणतो पुढच्या वर्षी हायवेवर उड्डाणपूल होतोय, मग वीस मिनिटांत पोचाल.

बोलघेवडा
एजंटचं "पुढच्या वर्षी" हे क्षितिजासारखं असतं, आपण जवळ गेलो की तेही पुढे जातं. 😀

सिग्नलवाला
पूल झाला असं धरू. १९६२ मध्ये अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की शहरातला वेगवान रस्ता गर्दीच्या वेळी भरेपर्यंत भरतच जातो. जे आडवाटेने जात होते ते येतात, जे आधी निघत होते ते उशिरा निघायला लागतात, जे रेल्वेने जात होते ते गाडी काढतात. २०११ मध्ये डुरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले. महामार्ग जितके टक्के वाढवले, गाड्यांचा प्रवास जवळपास तितकेच टक्के वाढला. आणि पूल होईपर्यंत त्याचं बांधकाम असतं, ते विसरू नका. तीन लेनच्या दोन.

घर आजच्या रस्त्यावर निवडा. होणाऱ्या मेट्रोवरही नको, होणाऱ्या पुलावर तर नकोच.

घरकोंबडा
म्हणजे फिरून अ.

उंबरठा
दादा, अ मध्ये लेक कोणाशी खेळेल? नवरा तीन दिवस घरून काम करतो, खाली उतरलं तर बोलायला माणूस नाही. माझा प्रवास १२ मिनिटांवर आणायला त्या दोघांना ऑफिसांच्या जंगलात नेऊन ठेवायचं हे काही मनाला येत नाही. शाळाही तिथून पाऊण तास. म्हणजे प्रवास माझा संपून तिचा सुरू.

घरकोंबडा
हे आधी सांगायचं ना. मग अ बाद. मागे घेतो.

मुरलेला भाडेकरू
घरकोंबडा मागे घेतोय, कुणीतरी तारीख लिहून ठेवा रे.

ताई, प्रत्यक्ष जाऊन या. तीन दिवस काढा, शनिवार-रविवार नाही. उंबऱ्यापासून टेबलापर्यंत मोजा, स्टेशनपासून स्टेशनपर्यंत नाही. चपला घालण्यापासून घड्याळ लावायचं. आणि घर विकत घ्यायचा विचार पहिलं वर्ष मनात सुद्धा आणू नका.

उंबरठा
(नऊ दिवसांनी)

जाऊन आले. नवऱ्याला आणि लेकीला मागे ठेवलं, एका मैत्रिणीच्या ओळखीने राहायची सोय झाली. वही समोर आहे, तसंच उतरवते.

मंगळवार, क. टॅक्सी केली, ८.१० ला बिल्डिंगच्या फाटकातून निघालो. पहिले अठरा किलोमीटर सुसाट, मला वाटलं तुम्ही सगळ्यांनी उगाच घाबरवलं. शेवटचे आठ किलोमीटर ४५ मिनिटं. सूर्य डोळ्यांत, चाकांवर यांना नमस्कार. ड्रायव्हरने काच खाली केली, आरशावर कापड लावलं, शेवटी गाडी बंद करून बसला. ऑफिसच्या दारात ९.२२. मग पार्किंगचा रॅम्प (मी टॅक्सीत होते तरी मुद्दाम आत नेली), आणि मग लिफ्ट. लिफ्टचा विचार तुमच्यापैकी कोणीच केला नव्हता! तीन लिफ्ट, त्यातली एक बंद, आणि रांग दारातून बाहेर. रांगेतली माणसं इतकी सरावलेली की कोणी मान वर करत नव्हतं, फक्त पाय पुढे सरकत होते. टेबलाशी ९.४१. एक्याण्णव मिनिटं. परत येताना पंच्याण्णव. घर सुंदर आहे, डोंगर खराच आहे. पण मी पोचले तेव्हा अंधार पडला होता, डोंगर दिसलाच नाही.

बुधवार, ब. दारातून ८.२०. स्टेशन नऊ मिनिटं, पहिली गाडी लगेच, उभं राहून. बदलायच्या स्टेशनावर वर चढून पलीकडे उतरायचं, ९४ पायऱ्या मोजल्या. तिथे पहिली गाडी भरलेली आली, दार उघडलं आणि बंद झालं, आत कोणी शिरलं नाही, बाहेर कोणी आलं नाही. दुसरीही सोडली. तिसरीत शिरले. टेबलाशी ९.३४. चौऱ्याहत्तर मिनिटं. नकाशाचे ५० कुठे गेले म्हणाल तर नऊ मिनिटं स्टेशनापर्यंत, अकरा मिनिटं स्टेशनापासून ऑफिसपर्यंत आणि बाकी लिफ्ट आणि सोडलेल्या गाड्या.

संध्याकाळी बदलायच्या स्टेशनावर बसले होते, पाय दुखत होते म्हणून. समोर मार्गाचा फलक होता. तेव्हा खिडकीजवळची यांचं वाक्य आठवलं, "कितवं स्टेशन". माझं ऑफिस ज्या मार्गावर आहे तो मार्ग सुरू कुठून होतो हे मी बघितलंच नव्हतं, कारण मी घरापासून मार्ग शोधत होते. ऑफिसपासून उलटा शोधला असता तर...

गुरुवारी त्या मार्गाच्या सुरुवातीच्या तिसऱ्या स्टेशनावर उतरून पायीच हिंडले. दोन तासांत दोन घरं बघितली. दुसऱ्या घरापासून स्टेशन सहा मिनिटं, शाळा आठ मिनिटं. शुक्रवारी एक दिवस जास्त राहून तिथून ऑफिसला गेले. बसायला मिळालं. टेबलाशी बावन्न मिनिटं, लिफ्टची रांग धरून.

खिडकीजवळची
आत्ता कसं!

रात्रपाळी
एकाच दिवसाचा आकडा आहे पण. शुक्रवारी गर्दी कमी असते.

उंबरठा
बरोबर. म्हणून तिथेच राहणाऱ्या एका काकूंना विचारलं, त्या रोज त्याच मार्गाने जातात. त्या म्हणाल्या सोमवारी बसायला मिळेल याची खात्री नाही, आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा गाडी मध्येच दहा-पंधरा मिनिटं उभी राहते. म्हणजे मी ७० धरून निघणार. शेवटची थेट गाडी रात्री पावणेअकराला.

दोन वेण्या
आणि साडेअकराचा फोन?

उंबरठा
तेच आधी बघितलं. नवऱ्याचे ऑफिसचे दिवस बुधवार आणि शुक्रवार ठरवून घेतले, माझा घरचा दिवस बुधवार. म्हणजे सोमवार, मंगळवार, गुरुवार तो घरी, आठ मिनिटांत शाळेत. बुधवारी मी. राहिला शुक्रवार. शुक्रवारी तो शहरात मध्यावर असतो, तिथून बसने ३५ मिनिटं, मी साधारण पन्नास. फोन आधी त्याला जाईल, शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर त्याचा टाकलाय. त्याला हे सांगितलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. सगळे फॉर्म आजवर मीच भरत आले ना.

दोन वेण्या
पहिला नंबर त्याचा. हे मी आज घरी करते.

तळटीप
आणखी एक, मग थांबतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद होती. रोजच्या प्रवाशांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा धराव्या लागल्या. लार्कम, राउख आणि विलेम्स यांनी प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या, तर साधारण पाच टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच वाटेने जात राहिले. म्हणजे वर्षानुवर्षं ते लांबच्या वाटेने जात होते आणि त्यांना पत्ता नव्हता. लंडनचा तो प्रसिद्ध नकाशा अंतरं खरी दाखवत नाही, हेही एक कारण. तेव्हा पहिल्या महिन्यात संप नसला तरी दोन-तीन वाटा जाऊन बघा.

चाकांवर
त्यात एक वाट पायी, स्टेशनातून दुसऱ्या दाराने बाहेर पडून. दर स्टेशनाला एक दार असं असतं जे फलकावर मागे लपलेलं असतं.

घरकोंबडा
किती मोठं आहे घर? आणि भाडं?

उंबरठा
अ पेक्षा मोठं, ब आणि क पेक्षा लहान. भाडं ब पेक्षा थोडं चढं. करार वर्षाचा आहे, पण सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल असं लिहून घेतलं. भाडेकरू यांच्या रिकाम्या इमारतीची गोष्ट मालकाला सांगितली, तो हसला आणि सही केली.

मुरलेला भाडेकरू
माझे चार महिने कोणाच्या तरी कामी आले. पाहुण्यांचं काय मग?

उंबरठा
बाहेरच्या खोलीत झोपतील. दहा रात्री.

बोलघेवडा
बाकी सगळं ठीक, पण त्या लिफ्टचं काय केलंत? बंद पडलेली तिसरी लिफ्ट "पुढच्या वर्षी" सुरू होतेय का?

उंबरठा
ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे. शुक्रवारी निघताना जिन्याने उतरून बघितलं, १०८ पायऱ्या. सोमवारपासून चढून जाणार. रांगेत उभं राहिलं तर नऊ मिनिटं, चढलं तर दम खात खात चार.